जोडायची राहिलेली रेघ

गनीचाचांना कुठंही पाणी दिलं तरी ते पेला कधी पूर्ण रिकामा करत नसत. शेवटचं घोटभर पाणी ठेवायचे, खुर्चीतून वाकून ते फरशीवर ओतायचे आणि कुठं जातं ते बघत बसायचे. माझ्या कार्यालयात पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी नुकतीच बांधकाम विभागात उपअभियंता म्हणून बीडला बदलून आले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, वागणं अदबीचं, आणि माझ्या देखत फरशी ओली. मी शिपायाला फडकं आणायला सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या खोलीचा उतार रेकॉर्ड रूमकडं हाय. पाऊस आला की पैले कागद भिजणार, मंग तुमी."

काम काय ते विचारलं, तर हयातीचा दाखला हवा होता. याच कार्यालयातून ते आरेखक म्हणून निवृत्त झाले होते. आता तो दाखला मोबाईलवर अंगठा टेकवूनही मिळतो, पण चाचांना अधिकाऱ्याची शाईची सही लागे. "तुमी लिहून दिल्याबिगर मी जिंदा न्हाई," असं म्हणून त्यांनी कागद पुढं सरकवला. मी सही केली. पुढच्या पावसाळ्यात रेकॉर्ड रूममध्ये घोटाभर पाणी शिरलं, तेही माझ्या खोलीतूनच. तेव्हापासून चाचा आले की मी चहा सांगू लागले.

दर नोव्हेंबरात दाखल्यासाठी आणि एरवी मनात येईल तेव्हा ते येत. काखेत एक गुंडाळी असे, बायकोच्या जुन्या ओढणीत बांधलेली. तिच्यात इंचाला मैल या प्रमाणातले जुने छापील नकाशे होते. कार्यालयानं रद्दीत काढले तेव्हा चाचांनी ते उचलून घरी नेले होते. नकाशाची घडी घातलेली त्यांना खपत नसे. घडी पडते तिथं आधी शाई जाते आणि मग गाव जातं, असं त्यांचं म्हणणं. नकाशा वाचायची त्यांची रीतही ठरलेली होती. "पैले पानी देखायचं, मंग रस्ता, आन सगळ्यात शेवटी गाव." आपण सगळे उलटं करतो. आधी आपलं गाव शोधतो, मग त्याच्याकडं जाणारा रस्ता, आणि पाणी बघायचं राहूनच जातं.

एकदा लिंबागणेशकडच्या एका रस्त्याचं वळण आम्ही सरळ करायला निघालो होतो. सपाट माळावर ते वळण विनाकारण होतं. चाचांनी नकाशावर नख ठेवलं. "रस्ता कावून वळला ते रस्त्याला इचारा." नखाखाली एक बारीक निळं वर्तुळ होतं, म्हणजे विहीर. जागेवर जाऊन उकरलं, तर कचरा आणि बाभळीच्या फांद्यांखाली खरोखर बुजलेली विहीर निघाली. आम्ही तिच्यावरून रोलर नेणार होतो.  चाचा शांतपणे नकाशा गुंडाळत होते.

आता वसतिगृहाचं सांगते. चकलांब्याच्या पलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, त्या लोकांना उगाच त्रास नको. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मुलींनी आईबापांमागं फडात जाऊ नये आणि वर्षभर शाळेत राहावं म्हणून साठ मुलींचं वसतिगृह मंजूर झालं. सरकारी जमीन मिळाली, ती सपाट होती आणि गाडीवाटेला लागून होती. जागेची पाहणी मीच केली. कार्यालयाच्या जुन्या नकाशावर तिथं तुटक रेघ होती, म्हणजे गाडीवाट. प्रत्यक्षातही चाकोऱ्या दिसत होत्या. जमिनीच्या चढउताराच्या लेव्हल घेतल्या, त्या इमारतीच्या चौकोनापुरत्या. वरच्या अंगाला मी गेले नाही. मी सही केली आणि दिवाळीनंतर पाया खणायला सुरुवात झाली.

त्या नोव्हेंबरात चाचा दाखल्यासाठी आले तेव्हा तो जुना नकाशा माझ्या टेबलावर पसरलेला होता. ट्रेसिंग क्लॉथवरचा, म्हणजे मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर काळ्या शाईनं काढलेला. चाचांनी कोपऱ्यातली आद्याक्षरं पाहिली. त्यांचीच होती. मग तुटक रेघेशेजारी मी पेन्सिलनं काढलेला इमारतीचा चौकोन पाहिला. त्यांनी चहा प्यायला नाही, पाणीही ओतलं नाही. सही झालेला दाखला टेबलावरच विसरून ते निघून गेले.

चार दिवस त्यांचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले दिसले. आत आल्यावर त्यांनी ओढणी सोडून छापील नकाशा माझ्या ट्रेसिंगशेजारी पसरला. ट्रेसिंगवर जिथं तुटक रेघ होती, तिथं छापील नकाशावर सलग काळी रेघ होती. सलग काळी रेघ म्हणजे कोरडा ओढा. उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेघा त्या ओढ्यापाशी एकामागून एक कोपरासारख्या वर वाकलेल्या होत्या; पाण्यानं कोरलेल्या जागीच त्या तशा वाकतात. ट्रेसिंगवर या तपकिरी रेघा उतरवलेल्याच नव्हत्या. मी जिच्या काठावर साठ मुली निजवायला निघाले होते, ती गाडीवाट नव्हतीच.

"तो नक्शा मीच काढेल हाय," चाचा म्हणाले. "सलग रेघ होती. मी सात ठिकाणी खरवडली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात ते जेमतेम बाविशीचे, नुकते नोकरीला लागलेले. ओव्हरसियरबरोबर त्या गावी गेले होते. ओढा कित्येक दिवस कोरडा होता. पात्रातली माती मऊ, म्हणून जनावरांच्या छावणीला जाणाऱ्या बैलगाड्या पात्रातूनच चालायच्या आणि त्यात खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. गावातल्या बायका खडी फोडायला पहाटे निघून लांबच्या गावी चालत जात. गावातच काम निघायचं तर नकाशावर सुधारायला एखादा कच्चा रस्ता दिसायला हवा होता, आणि तो नव्हता. कडेवर मूल घेतलेली एक बाई नकाशा पसरलेल्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि तिनं चाचांना विचारलं, "भाऊ, कागदावर रस्ता कसा येतो?"

 चाचा राहुटीत गेले आणि दाढीचं अर्धं पातं काढलं. त्या कापडावरची शाई पात्यानं हलकी खरवडली आणि वर नखानं घोटलं की मागमूस राहत नाही. सलग रेघेत सात ठिकाणी फट पाडली की ओढ्याची गाडीवाट होते.

"दहा मिनटं लागले. आठव्या दिवशी काम चालू झालं. त्या बाईला मी खडी फोडताना बघितलं, मॅडम. लई बरं वाटलं." पुढं ते म्हणाले, "पाऊस आला की रेघ जोडीन, असं ठरवलं होतं. पाऊस आला तवर माझी परळीला बदली झालती. मंग डोक्यातून गेलं ते गेलं."

त्या दुष्काळी कामात ओढ्याच्या वरच्या अंगाला एक पाझर तलावही बांधला गेला. ओढ्याचं पाणी त्यात अडू लागलं, खालचं पात्र कोरडंच राहिलं आणि पुढं आलेल्या प्रत्येक नकाशानं चाचांची तुटक रेघ जशीच्या तशी उतरवून घेतली. मी जीप काढली आणि त्यांना घेऊन थेट तलावावर गेले. तलाव निम्म्याहून जास्त गाळानं भरला होता. जास्तीचं पाणी बाहेर सोडणारा सांडवा ज्या दिशेला होता, त्याच दिशेला खाली माझा पाया खणला जात होता.

पायाच्या चरात चाचा स्वतः उतरले. गुडघे धड नव्हते, दोन मजुरांनी धरून उतरवलं. हातभर खाली वाळू होती आणि तिच्यात गुळगुळीत गोटे. त्यांनी एक गोटा उचलून माझ्या हातात दिला. "ह्याला घासलं कुणी? दगड आपोआप गोल व्हत न्हाई." काम चालू असताना मी त्या चरांपाशी तीनदा उभी राहिले होते. गोटे मलाही दिसले होते. भराव चांगला बसेल, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

एका कोपऱ्यात खांबांचे गज उभे झाले होते; मी तिथल्या तिथं काम थांबवलं. सरपंच धावत आले. माणूस वाईट नव्हता, वसतिगृहासाठी त्यांनीच दोन वर्षं खेटे घातले होते. "पन्नास वर्षांत हितं टाच भिजली न्हाई, मॅडम. तुमी कुठली नदी काढायलात?" चाचांकडं बघून ते म्हणाले, "आन ह्या चाचाला कुठून आणलं? चष्मा बदला म्हणावं." 

आमच्या वरिष्ठ साहेबांचं म्हणणं तर सोपं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला काल काय जेवला ते आठवत नाही, त्याच्या आठवणीवर मंजूर काम थांबवायचं नसतं. मी त्यांच्या टेबलावर छापील नकाशा ठेवला, त्याच्यावर गोटा. साहेबांनी लेखी मागितलं. नकाशात फेरफार कुणी केला, केव्हा, कशासाठी, ते करणाऱ्याच्या हातचं आणि सहीचं.

ते मागायला मी चाचांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा रफिक फळांचं दुकान चालवतो. त्यानं मला दारातच अडवलं. "मॅडम, बीडात अब्बाचं नाव हाय. गनीभाईची रेघ म्हणजे रेघ, असं लोक म्हणतात. तुमी त्यांना कागदावर चोर करणार." त्याचं म्हणणं खरं होतं. आतून चाचांचा आवाज आला, "चूप बैठ. खुरचा मैंने, लिखूंगा भी मैं."

ते लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली. नकाशावर गावांची नावं लिहितात तसं एकेक अक्षर सुटं, उभं, एका उंचीचं. मधेच ते थांबायचे, डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे आणि पुढचं अक्षर काढायचे. रफिकनं सीताफळं आणून ठेवली होती, त्यांना कुणी हात लावला नाही. निवेदनात त्यांनी त्या बाईचा उल्लेख केला नव्हता. मी म्हटलं, कारण लिहा, तुमची बाजू बळकट होईल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिनं खरवडायला सांगितलं न्हाई. तिनं फकस्त इचारलं होतं."

साहेबांनी निवेदन दोनदा वाचलं. "पुढं पाणी आलं नाही, तर हे सगळं तुमच्या नावावर, बाई."

"आणि तिथंच बांधलं आणि पाणी आलं तर?" मी विचारलं. त्यांनी फाईलवर सही केली.

जागा वर, खडकाळ माळावर गेली. सुरुंग लावावे लागले. सगळं काम एक वर्ष मागं पडलं आणि त्याचा भार मुलींवर पडला. त्या हिवाळ्यात त्या शाळेच्या व्हरांड्यात पडदे लावून झोपल्या. एकीला न्यूमोनिया होऊन आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. तिच्या आईनं उसाच्या फडातून मला फोन केला. ती भांडली नाही, फक्त म्हणाली, "मॅडम, छप्पर कवा व्हईल तेवढं सांगा." मी तिला तारीख दिली आणि ती पाळता आली नाही. त्या काळात मी रोज सकाळी उठून आधी हाच हिशेब करायचे, की एका म्हाताऱ्याच्या सात खुणांसाठी मी या मुलींना थंडीत ठेवलं की पाण्यातून वाचवलं. 

अखेर वसतिगृह झालं. मुलींना दप्तरं आणि ट्रंका घेऊन चढ चढावा लागे. पहिल्या पावसाळ्यात गाडीवाटेवर चिखलसुद्धा झाला नाही. दुसऱ्यातही नाही. गावात तिला 'चाचाची नदी' म्हणू लागले. मी भेटीला गेले की सरपंच हसून विचारायचे, "मॅडम, नदी मुक्कामाला कवा यायची?" खाली टाकून दिलेल्या पायाचे लोखंडी गज तसेच उभे होते, वाकुल्या दाखवल्यासारखे.

चाचांचं त्या दोन वर्षांत वेगळंच चालू होतं. बीडवर ढग आले की त्यांचा फोन येई. आभाळ तिकडं कसं हाय, तलावात किती हाय. मी वसतिगृहाच्या अधीक्षिका शोभाताईंना फोन लावायचे. त्या पोरींपैकी कुणाला तरी तलावावर पाठवायच्या आणि सांगायच्या की सांडव्यापासून आठ बोटं खाली, कधी पाच बोटं खाली. मी ते चाचांना सांगायचे. एकदा वैतागून मी म्हटलं, चाचा, इमारत वर गेली, मुली वर गेल्या, आता पाणी येवो न येवो, तुम्हाला काय.  ते म्हणाले, "आलं तर भीती वाटती, मॅडम. न्हाई आलं तर शरम."

त्यांची तब्येत खालावली तेव्हा मी ट्रेसिंगचं कापड आणि काळी शाई घेऊन घरी गेले. ओढा दाखवणारा दुरुस्त नकाशा कार्यालयाच्या दप्तरात गेलाच होता, पण या कापडावरची रेघ तुटकच होती. वाटलं, त्यांच्या हातानं रेघ जोडली जावी. त्यांनी पेन हातात घेतलं, कापडावर धरलं आणि टोक किती हलतंय ते पाहिलं. मग टोपण लावून परत दिलं.

"डगमगती रेघ म्हणजे दुसरी चूक. पानी आलं की तुमी जोडा. आलं न्हाई तर तुटकच राहू द्या. मंग मी बी चुकलो आन तुमी बी."

मी उठायला लागले तशी त्यांनी सुनेकडून पेला घेतला, दोन घोट प्यायले आणि उरलेलं पाणी खाटेवरूनच फरशीवर ओतलं. पाणी दाराकडं गेलं. ते बघून त्यांनी मान हलवली, बरोबर आहे अशी. त्यानंतर पंधरा दिवसांत ते गेले. त्या नोव्हेंबरात माझ्या टेबलावर हयातीचा दाखला आला नाही. रफिक सीताफळं घेऊन आला, थोडा वेळ बसला. 

पुढच्या वर्षी परतीचा पाऊस तीन दिवस लागून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी सहाला शोभाताईंचा फोन आला. "मॅडम, गाडीवाट वाहतीय." मी मुलींचं विचारलं. त्यांनी दोनदा मोजल्या होत्या, साठच्या साठ होत्या, वरच्या ओट्यावर ओळीनं उभ्या राहून पाणी बघत होत्या.

मी पोचले तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. तांबूस पाणी नकाशावरच्या त्याच वळणांनी चाललं होतं, जणू मधली पन्नास वर्षं गेलीच नव्हती. जुन्या पायाच्या गजांना कडबा आणि बाभळीच्या फांद्या अडकल्या होत्या. पाणी ओसरायची वाट पाहिली, मग चिखलात उतरून गजांवरच्या गाळाच्या खुणेला टेप लावला. इमारतीचं जोतं जिथं यायचं होतं, त्याच्या वर साडेचार फूट. मुली जमिनीवर गाद्या टाकून झोपतात.

सरपंच काठावर उभे होते, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून.  त्यांनी विचारलं, "चाचांना कळवलं का?" मी सांगितलं की चाचा मागच्या वर्षीच गेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. "मंग त्यांच्या पोराला तरी कळवा."

रफिकला तिथूनच फोन केला. त्यानं पाणी किती आलं ते विचारलं. मी साडेचार फूट म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुपारी कार्यालयात आले, हात धुतले, कापड टेबलावर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. चरातला गोटा त्यांतलंच एक वजन होता. छापील नकाशा शेजारी उघडून ठेवला आणि सातही फटी एकेक करून शाईनं भरल्या. समासात कारण लिहिलं, तारीख घातली, सही केली. चाचांना खरवडायला दहा मिनिटं लागली होती. मला जोडायला पाऊण तास लागला, आणि तिसरी जागा जराशी जाड झाली आहे.